अपूर्वाच्या फोल्डरमधले चौथे पान

पोलीस ठाणे, देवास, मध्य प्रदेश. दिनांक २० मार्च २०२५, गुरुवार. दुपारी १२ वाजून १० मिनिटे.

नाव सौ. देवश्री अनिल मोघे. वय ४६ वर्षे. शिक्षण एम. ए. (इतिहास). व्यवसाय मराठी वधूवर मंडळ, देवास-धार, याचे कार्यालय चालवणे. राहणार राधागंज, देवास.

मी वरील देवश्री मोघे, कोणी न बोलावता ठाण्यात स्वतः हजर झाले आहे. श्री. विश्वासराव जगदाळे यांनी ८ मार्च रोजी दिलेल्या तक्रारीबाबत उपनिरीक्षक मॅडमसमोर बसून, विचारलेले आणि न विचारलेले असे दोन्ही सांगते. जबाब मराठीत लिहिण्याची परवानगी मी मागून घेतली. हिंदी मला बोलता-लिहिता येते, पण हिंदीत लिहिताना मी स्वतःला थोडी सवलत देते असा माझा अनुभव आहे. मॅडम म्हणाल्या, "लिखो, पर हिंदी ट्रांसलेशन आप ही दोगे." ते मी कबूल केले आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगते. तक्रारीत म्हटल्याप्रमाणे मंडळाच्या फाइली कोणी फोडलेल्या नाहीत. तक्रारीत ज्यांच्यावर संशय घेतला आहे ते माझे धारचे सहकारी धीरज मोहिते, वय ३४, यांनी काहीही चोरलेले नाही आणि कोणाला काही पाठवलेले नाही. विश्वासरावांची मुलगी अपूर्वा हिच्याविषयीचे जे पान लोकांच्या फोनमध्ये फिरले, ते १६ फेब्रुवारी रोजी माझ्या हातून बाहेर गेले. त्यावर कुलूप नव्हते. कुलूप लावणे माझे काम होते.

हे कसे घडले ते कळण्यासाठी मंडळाच्या कामाची रीत सांगावी लागेल. मंडळ माझ्या सासूबाईंनी सुरू केले. देवास, धार आणि आजूबाजूच्या गावांत मराठी घरे थोडी आणि एकमेकांच्या नात्यात गुंतलेली, म्हणून बरीच स्थळे महाराष्ट्रातली पाहावी लागतात. पूर्वी दोन वह्या होत्या, एक देवासला, एक धारला. महिन्यातून एकदा कोणीतरी एक वही पिशवीत घालून, इंदूरला बस बदलून, दुसऱ्या गावी नेत असे. २०२१ पासून वह्या बंद केल्या आणि सगळे कागद क्लाउडवर ठेवले, म्हणजे इंटरनेटवरच्या एका सामायिक कपाटात, जे मी देवासहून आणि धीरज धारहून उघडू शकतो. धीरजचे धारला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान आहे. मंडळाचे काम तो दुकानातूनच पाहतो.

प्रत्येक मुलामुलीचे एक फोल्डर असते. त्यात माहितीपत्रक, फोटो आणि पत्रिका. हे तीन कागद समोरच्या घरी पाठवायचे. चौथे पान चौकशीचे. स्थळ सुचवण्याआधी घरी जाऊन, शेजारी विचारून, कधी मुलाशी किंवा मुलीशी एकटे बोलून जे कळते ते त्यात लिहितो. ते फक्त मी आणि धीरज यांच्यासाठी. सासूबाईंच्या काळी हा मजकूर वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने असे आणि लग्न ठरले की त्या खोडरबराने खोडून टाकत. क्लाउडवर आल्यापासून खोडायचे राहून गेले. जागा भरपूर होती.

चौथे पान मराठीतच लिहायचे ही पद्धत मी घातली. इकडच्या तरुण मुलांचे शिक्षण हिंदीत झालेले. मराठी बोलतात, पण वाचताना अडतात. मराठी कागद पाठवला की तासाभरात फोन येतो, "मावशी, ये पढ़ के बता दो ना." त्यामुळे मराठीत लिहिले म्हणजे ते झाकलेच, असे आम्ही धरून चाललो. धीरज याला "ताईंचा पासवर्ड" म्हणत असे. चार वर्षे या पासवर्डवर काम भागले.

कागद पाठवण्याची योग्य रीत मला माहीत नव्हती असे मी म्हणू शकत नाही. फोल्डर कधीही पाठवायचे नाही. त्यातले तीन कागद वेगळे काढायचे, समोरच्या ठरावीक माणसाच्या ई-मेलवर त्याच्या एकट्यासाठी उघडायचे आणि पंधरा दिवसांनी बंद करायचे. ही रीत मीच धीरजला शिकवली होती. त्याने ती पाळली. त्याच्याकडची सर्व फोल्डरे मी आता तपासली आहेत. एकही उघडे नाही.

अपूर्वा जगदाळे, वय २९. देवासच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शिकवत होती, असे आता लिहावे लागेल. ९ नोव्हेंबर २०२४, शनिवारी दुपारी ती कार्यालयात एकटी आली. बरोबर डॉक्टरांच्या कागदांची पिशवी होती. तिने मला तिच्या प्रकृतीविषयी एक गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मावशी, बाबा म्हणतात लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. मला तसं नाही करायचं. ज्याच्याशी जमेल ना, त्याला मीच सांगणार. समोर बसून. तुम्ही फक्त लक्षात ठेवा. कुणी विचारलं तर खोटं नका बोलू, आणि नाही विचारलं तर तुम्ही नका सांगू." मी हो म्हटले. मग तिने चहा घेतला आणि जाताना दारातून म्हणाली, "और हां, फोटो में गॉगल लगाके आए उसको तो दिखाना ही मत."

ती लक्षात ठेवा म्हणाली होती. मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवले. चार ओळी होत्या. पहिलीत गोष्टीचे नाव. दुसरीत ती कधीपासून आहे. तिसरीत औषध नियमित असून नऊ वर्षांत काही त्रास झालेला नाही हे. चौथीत, डॉक्टरांच्या मते नोकरी, लग्न, मूल यांना कसलीही अडचण नाही हे. मी एकोणीस वर्षे रोज डायरी लिहिते. माझ्या आठवणीवर माझा विश्वास नाही, कागदावर आहे. आपल्या तोंडून काही चुकीचे सांगितले जाऊ नये म्हणून लिहिले, असे कारण त्या दिवशीच्या डायरीत दिले आहे. कारण खरे असावे. पण तिने मला दिलेली परवानगी लिहिण्याची नव्हती. एवढ्या लहान फरकाचा मी तेव्हा विचार केला नाही.

फेब्रुवारीत कराडचे स्थळ आले. यशराज माने, वय ३२, इंजिनिअर, आई-वडिलांजवळ राहणारे. १६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेअकराच्या सुमारास विश्वासरावांचा फोन आला. ते इथल्या नोट प्रेसमधून, म्हणजे नोटा छापण्याच्या सरकारी कारखान्यातून, निवृत्त झालेले आहेत, आवाज मोठा आहे. म्हणाले, "मोघेबाई, अहो त्यांना एकेक कागद उघडत नाही. तो ई-मेल, ती परवानगी, तो कोड, यशराजच्या आई वैतागल्या आहेत. सगळं एकगठ्ठा पाठवा की. एवढ्यावरून चांगलं स्थळ हातचं जायचं." कार्यालयात त्या वेळी दुसरे एक कुटुंब बसलेले होते आणि त्यांचा नातू प्रिंटरची बटणे दाबत होता. मी अपूर्वाचे फोल्डर "लिंक असेल त्या कोणालाही पाहता येईल" असे केले आणि ती लिंक यशराजच्या मातोश्रींना व्हॉट्सॲपवर पाठवली. एक मिनिटही लागले नसेल.

चौथे पान आत आहे हे मला त्या वेळी आठवले होते का, हा प्रश्न मॅडमनी विचारलेला नाही. मी चौदा दिवस विचारते आहे. आठवले होते असे म्हणता येत नाही. आठवले नव्हते असेही शपथेवर सांगता येत नाही. "ते मराठीत आहे" असे काहीतरी मनातून सरकून गेले असावे, असा मला दाट संशय आहे. कराडच्या माणसांना मराठी वाचता येते हे दुसऱ्या कोणालाही सुचले असते. मला सुचले नाही. त्या दिवशीच्या डायरीतली नोंद अशी: "जगदाळ्यांचे कागद पाठवले. काम मार्गी लागले. बरे वाटले." डायरीच्या त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

पुढे पसंती झाली. अपूर्वा आणि यशराज फोनवर बोलू लागले. यशराज ९ मार्च, रविवारी आई-वडिलांसह देवासला येणार असे ठरले. २७ फेब्रुवारीला शाळेच्या मधल्या सुट्टीत अपूर्वाने मला फोन केला.

"मावशी, 'काबू में है' को शुद्ध मराठी में क्या बोलेंगे?"

मी सांगितले, "आटोक्यात आहे."

"आ-टो-क्या-त. बरं. देवीच्या टेकरीवर नेऊन सांगते त्याला. ऊपर हवा अच्छी है. आणि पळाला तरी पायऱ्या उतरायला वेळ लागेल."

मी हसले. तीही हसली. घंटा झाली म्हणून तिने फोन ठेवला.

४ मार्च, मंगळवारी संध्याकाळी यशराजच्या मातोश्रींनी मुहूर्तासाठी पत्रिका पुन्हा पाहावी म्हणून तीच लिंक उघडली आणि या वेळी चौथे पान वाचले. सात वाजता त्यांनी विश्वासरावांना फोन करून, आम्ही येत नाही, असे कळवले. हे मला विश्वासरावांकडून समजले. खरे-खोटे करण्यासाठी यशराजच्या मातोश्रींनी त्या पानाचा फोटो देवासमधल्या आपल्या एका नातलगांना पाठवला. ६ मार्च, गुरुवारी सकाळी तो फोटो इथल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटात आला. गटात दोनशे चाळीस माणसे आहेत. तरुणांना वाचता यावे म्हणून खाली हिंदी भाषांतर दिलेले होते. भाषांतरात माझ्या पहिल्या दोन ओळी होत्या. तिसरी आणि चौथी नव्हती. भाषांतर कोणी केले ते मला माहीत आहे असे मला वाटते, परंतु खात्री नसलेले नाव मी देत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी फोल्डर तपासले. सात वाजून चाळीस मिनिटांनी लिंक बंद केली. चौथे पान पुसले नाही. पुसले असते तर पुरावा नाहीसा केल्यासारखे झाले असते. ते वेगळे काढून फक्त माझ्या खात्यात ठेवले आहे. १६ फेब्रुवारीला परवानगी कोणत्या खात्यातून बदलली याची नोंद तिथे आपोआप होते. ते खाते माझे आहे. ती नोंद छापून सोबत जोडली आहे. धीरज निर्दोष आहे हे सांगायला तेवढा एक कागद पुरेसा होता आणि तो ६ मार्चपासून माझ्याकडे होता.

७ मार्चला मी कराडला फोन केला. यशराजच्या मातोश्री म्हणाल्या, "लपवलंत ना तुम्ही लोकांनी?"

मी म्हटले, "लपवलं नाही हो. ती रविवारी स्वतः सांगणार होती."

"रविवारी? आणि मुलगी सांगणार? मग मोठी माणसं कशाला असतात? आणि तुम्हीच लिहून पाठवलंत, वर आता मला विचारताय!"

त्या तोडून बोलल्या असल्या तरी खोटे बोलल्या नाहीत.

त्याच दिवशी शाळेत अपूर्वाला बोलावून, सहावीच्या सहलीबरोबर दुसऱ्या शिक्षिका जातील, आपण काही दिवस आराम करा, असे सांगण्यात आले. १० मार्चला तिने राजीनामा दिला. शाळेचे नाव या जबाबात नको. ९ मार्चला कोणी आले नाही. त्या दिवशी सकाळी अपूर्वा एकटीच टेकरीवर जाऊन आली, असे तिच्या आईंनी सांगितले. १२ मार्चपासून ती धारला आत्याकडे राहते.

८ मार्चला विश्वासरावांनी तक्रार दिली. मंडळाचे कपाट कोणीतरी फोडले आणि धीरजवर संशय आहे, असे त्यात म्हटले आहे. संशयाला कारण होते. दोन वर्षांपूर्वी धीरजने स्वतःसाठी अपूर्वाचे स्थळ विचारले होते आणि तिने नकार दिला होता. धीरजने ते मनाला लावून घेतलेले मी पाहिले नाही. तो नकार त्याने स्वतःच त्याच्या फोल्डरमध्ये नोंदवला आणि मला म्हणाला, "ताई, अपना तो रिजेक्शन भी क्लाउड पे सेव्ह है. आग लगी तरी जळणार नाही." विश्वासराव एकतीस वर्षे रोज फाटकावर तपासणी देऊन कामावरून घरी आलेले आहेत. जी वस्तू बाहेर गेली ती कोणीतरी चोरली, एवढेच त्यांना ठाऊक. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही.

तक्रारीत धीरजचे नाव आहे हे मला ८ मार्चलाच कळले. त्याला ११ आणि १३ मार्चला इथे बोलावण्यात आले. त्याचा फोन आणि दुकानातला कॉम्प्युटर तपासणीसाठी ठेवून घेण्यात आला. दोन्ही वेळा तो धारहून इंदूरमार्गे बसने आला आणि दोन्ही वेळा परतताना मला भेटून गेला. ११ तारखेला माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने पोहे खाल्ले आणि म्हणाला, "ताई, तुम्ही टेन्शन नका घेऊ. कुठेतरी ट्रेस लागेल. जिसने किया वो पकड़ा जाएगा." मी त्याला आणखी पोहे वाढले.

मॅडमनी विचारले, "तब क्यों नहीं बताया?" स्वतःला मी असे सांगत होते की आधी नक्की काय झाले ते नीट समजून घ्यावे, मग बोलावे. नीट समजलेले होते. डायरीत ११, १२ आणि १३ मार्चची पाने कोरी आहेत. एकोणीस वर्षांत आजारपण सोडून असे झालेले नाही.

१८ मार्चला मी धारला गेले. आधी धीरजच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर ठेवलेला असे तिथे टेबलावर धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्याने समोरच्या दुकानाकडे पाहिले. मग म्हणाला, "ताई, लोक आधारची झेरॉक्स काढायला समोरच्या दुकानात जातात आता. म्हणतात, इसके पास काग़ज़ मत छोड़ो." आणि विचारले, "मी पोहे खात होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटले. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. तो आला, पण त्याने स्वतः घेतला नाही.

नंतर अपूर्वाच्या आत्यांकडे गेले. अपूर्वा बारीक झाली आहे. औषध वेळेवर घेते, हे मी विचारले नव्हते, तिनेच सांगितले. मी तिला जे झाले ते क्रमाने सांगितले. तिने यशराजचा संदेश दाखवला. ५ मार्चचा होता, एका ओळीचा: "आधी सांगायला हवं होतंस." त्याखाली तिने काही लिहिलेले नव्हते.

मग ती म्हणाली, "मावशी, तुम्ही मूळ काय लिहिलं होतं? फोटोतलं मला नीट वाचता नाही आलं. हिंदीवालंच वाचलं मी. वाचून दाखवा."

मी चारही ओळी वाचून दाखवल्या. ती ऐकत होती. तिसऱ्या ओळीत 'आटोक्यात' हा शब्द होता.

ती म्हणाली, "हे तर बरं लिहिलंय. मला असंच सांगायचं होतं."

आत्या आत गेल्या. मी निघताना अपूर्वा फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "तुम्ही धीरजसाठी जाणार ना ठाण्यात? जा. सब बता दो. पण ते नाव, मावशी, अब और कहीं मत लिखना. तिथेही फाइल असते." मी हो म्हटले. नोव्हेंबरातही मी हो म्हटले होते, हे आम्हा दोघींना आठवत होते असे मला वाटते.

१९ मार्चला रंगपंचमी होती. ठाण्यातली बहुतेक मंडळी बंदोबस्तावर होती, म्हणून आज आले. त्या एका दिवसाचा उशीर माझा नाही. आधीचे दिवस माझे आहेत.

आज सकाळी विश्वासरावांना फोनवर सर्व सांगितले. ते एवढेच म्हणाले, "एकगठ्ठा पाठवा असं मीच म्हणालो होतो का?" मी म्हटले, तुम्ही कागद पाठवा म्हणालात, दार उघडे ठेवा म्हणाला नव्हतात. नंतर म्हणाले, "मग तुम्ही कशाला जाता? तो पोरगा सुटेलच आज ना उद्या. मंडळाचं नाव गेलं तर अपूर्वासाठी पुढं कोण बघणार?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

मंडळाच्या एकूण ४१२ फोल्डरांपैकी माझ्याकडची सर्व मी ७ मार्चपासून एकेक करून तपासली. त्यांत आणखी नऊ उघडी सापडली, सर्व माझ्याच हातची, सर्व कोणीतरी घाई करत असताना उघडलेली. ती बंद केली. त्या नऊ घरी स्वतः फोन करून कळवले. सहा जणांनी, काही हरकत नाही, म्हटले. मी काय सांगत होते ते त्यांना कळले नसावे. दोघांनी नावे काढून घेतली. एका मुलीने विचारले, माझ्याविषयी काय लिहिलंय ते आधी मला वाचून दाखवा. मी वाचून दाखवले. तिच्या सांगण्यावरून दोन ओळी बदलल्या. हे काम मी सुरुवातीपासून असेच करायला हवे होते, एवढे तिच्याकडून कळले. चौकशीची सर्व पाने आता क्लाउडवरून काढली आहेत. यापुढे मंडळ चालवावे की नाही, हे ठरवलेले नाही.

येथे मॅडमनी दोन वेळा म्हटले की बयान इतके लांब नसते, जेवढे विचारले तेवढे लिहावे. त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्यांनी विचारलेली एकच गोष्ट मी लिहिलेली नाही, ती म्हणजे चौथ्या पानावरचे आजाराचे नाव. त्या म्हणाल्या, "नाम तो लिखना पड़ेगा. स्क्रीनशॉट वैसे भी लगा है फाइल में."

मी म्हटले, तो फिरत फिरत आलेला कागद आहे. माझ्या हातून ते नाव एकदा लिहिले गेले, दुसऱ्यांदा लिहायचे नाही. न्यायालयाने विचारले तर बंद दाराआड अपूर्वा स्वतः सांगेल, तिची इच्छा असेल तर. याबद्दल माझ्यावर काही कारवाई होणार असेल तर ती मला मान्य आहे.

मॅडमनी पेन खाली ठेवले. मग विचारले, "लड़की अभी कैसी है?" मी म्हटले, औषध वेळेवर घेते. त्या म्हणाल्या, "ठीक है. लिख दो कि पूछा था, नहीं बताया." त्याप्रमाणे लिहिते: आजाराचे नाव विचारण्यात आले. सांगितले नाही.

ठाण्यात आज मराठी वाचणारे कोणी हजर नसल्यामुळे हा जबाब मीच मॅडमना पहिल्या ओळीपासून हिंदीत वाचून दाखवला. वाचताना काही गाळले नाही, वाढवले नाही. लिहिले आहे ते माझ्या माहितीप्रमाणे खरे व बरोबर आहे आणि कोणाच्याही दबावाखाली लिहिलेले नाही. माझी विनंती अशी की, धीरज मोहिते यांचा फोन आणि कॉम्प्युटर आज संध्याकाळच्या आत परत मिळावा. मी बाहेर बाकावर थांबते. दोन्ही मिळाले की धारच्या बसने स्वतः नेऊन देईन.

सही
देवश्री अनिल मोघे
दुपारी ३ वाजून ३५ मिनिटे